सामाईक यंत्र आणि हत्यारांचा हिशेब

शिवणयंत्र ज्या घरात आहे त्या घरात एक प्रसंग केव्हा ना केव्हा घडतोच. आईने शाळेच्या जाड कापडाच्या विजारी शिवण्याकरिता जाड सुई लावलेली असते, दोऱ्याचा ताण वाढविलेला असतो आणि टाकाही लांब ठेवलेला असतो. दुसऱ्या दिवशी मुलगी त्याच यंत्रावर मलमलीचे झबले शिवावयास बसते आणि वीतभर शिवण होते न होते तोच कापडाला चुण्या पडून ते गोळा होते. यंत्र बिघडले, असा घरभर बोभाटा होतो. वास्तविक यंत्र मुळीच बिघडलेले नसते; काल सांगितलेले काम ते आज इमानाने करीत असते. दोष कोणाचा, हे मात्र सांगता येत नाही. आईने आपले काम बरोबर केले, मुलीनेही आपले काम बरोबरच आरंभिले. जे चुकले ते दोघींच्या मध्ये चुकले. एकीने काय बदलले ते दुसरीस कळण्याची सोय घरात नव्हती.

हाच प्रकार आजच्या सामाईक कार्यशाळांतून अधिक मोठ्या प्रमाणावर व अधिक खर्चाने घडत असतो. तेथे शिवणयंत्राच्या जागी सीएनसी राउटर हे यंत्र असते. सीएनसी ही तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे असून त्यांचा भावार्थ इतकाच की, हे यंत्र संगणकाकडून आलेल्या आकड्यांवर चालते. एक मोठे सपाट मेज, त्यावरून पुढेमागे सरकणारी कमान, कमानीवर डावीउजवीकडे व वरखाली सरकणारा स्पिंडल आणि स्पिंडलच्या टोकाशी कॉलेट नावाच्या चिमट्यात घट्ट धरलेले कापणारे बिट, अशी त्याची सामान्य रचना असते. सुतार पटाशीने खाच पाडतो, रंध्याने कड साफ करतो आणि गिरमिटाने भोक पाडतो. ही सारी कामे राउटर एकट्या फिरत्या बिटाकडून करवून घेतो. मात्र प्रत्येक कामास निराळे बिट लागते, आणि प्रत्येक बिटामागे काही आकडे असतात.

असे यंत्र एकट्यादुकट्या कारागिराच्या आवाक्यात सहसा नसते. म्हणून ते पुष्कळांनी मिळून वापरावे, ही कल्पना निघाली. महाराष्ट्रास ती परकी नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने त्या आश्रमात २००२ साली फॅब लॅब या नावाची कार्यशाळा सुरू झाली, आणि अमेरिकेबाहेरील अशा पहिल्या कार्यशाळांत तिची गणना होते. या योजनेचे मर्म असे की, महागडी यंत्रे एका छपराखाली ठेवावीत आणि विद्यार्थी, कारागीर व हौशी माणसे यांनी ती पाळीपाळीने वापरावीत. अशा कार्यशाळांच्या ठरलेल्या यंत्रसंचात प्लायवुडचा आठ फूट लांब व चार फूट रुंद असा अख्खा तक्ता कापणारा मोठा राउटर असतो. सकाळी त्यावर शाळेची बाके कापली जातात, दुपारी कोणी दुकानाची पाटी कोरतो, सायंकाळी कोणी ॲक्रिलिकचे खोके करतो. यंत्र एक, पण त्याला सांगणारी तोंडे अनेक. ही तोंडे एकमेकांशी बोलली नाहीत तर काय होते, हे समजण्यासाठी त्या यंत्राचा स्वभाव आधी पाहिला पाहिजे.

आकड्यांनी यंत्र चालविण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावरची आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिशिगनमध्ये ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स हा कारखानदार हेलिकॉप्टरच्या पंख्यांची पाती बनवीत असे. पात्याचा वक्र आकार अचूक कापावयाचा, तर त्या वक्रावरील बिंदूंची स्थाने आधी गणिताने काढावी लागत. ती यांत्रिक गणकावर काढून त्याने तक्त्यात मांडली व एक साधी युक्ती योजिली. एका माणसाने तक्त्यातील आकडे मोठ्याने वाचावयाचे, दुसऱ्याने यंत्राचे एका दिशेचे व तिसऱ्याने दुसऱ्या दिशेचे चाक त्या आकड्यापर्यंत फिरवावयाचे आणि मग काप घ्यावयाचा. पुढे १९४९ मध्ये अमेरिकेच्या वायुदलाने या कल्पनेस द्रव्यसाहाय्य दिले, आणि मॅसॅच्युसेट्स येथील त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आकडे वाचून तिन्ही दिशांनी आपोआप चालणारे यंत्र १९५२ साली लोकांना दाखविण्यात आले.

या इतिहासातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पार्सन्सच्या कारखान्यातील वाचणाऱ्याने चुकून ‘दोन’ऐवजी ‘वीस’ म्हटले असते, तर चाक फिरविणारा माणूस थबकला असता. ‘अहो, जरा पुन्हा वाचा,’ असे त्याने म्हटले असते. फितीस अशी शंका येत नाही, आणि फितीच्या जागी आलेल्या संगणकासही ती येत नाही. आकडा आणि कृती यांच्या मधला शंका घेणारा माणूस गेला, तेव्हापासून आकडा लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढली. ज्या यंत्रावर एकच माणूस काम करतो तेथे लिहिणारा व कापणारा एकच असल्यामुळे ही जबाबदारी त्याच्या स्मरणावर भागते. यंत्र सामाईक झाले की एकाने लिहिलेला आकडा दुसऱ्याच्या हातून लाकडात उतरतो, आणि स्मरण अपुरे पडते.

आता हे आकडे कोणते, ते पाहावे. सर्वांत आधी वेगाचे. बिट मिनिटास किती फेरे घेते आणि मिनिटास किती अंतर पुढे सरकते, या दोन गोष्टी मिळून प्रत्येक धार लाकडाची किती जाड ढलपी काढणार हे ठरते. सरकण्याच्या वेगास कार्यशाळेत फीड म्हणतात. फीडला फेऱ्यांनी व धारांच्या संख्येने भागले म्हणजे ढलपीची जाडी निघते. उदाहरणादाखल, दोन धारांचे ६ मिलिमीटर व्यासाचे बिट मिनिटास १६,००० फेरे घेत आहे आणि फीड मिनिटास ३,२०० मिलिमीटर आहे, तर प्रत्येक धार ०.१० मिलिमीटर जाडीची ढलपी काढील. प्लायवुडमध्ये अशा बिटास ही जाडी सोसते.

येथे नवख्या माणसाची एक समजूत घात करते. हळू चालविले म्हणजे सुरक्षित, असे त्याला वाटते, व तो फेरे तेवढेच ठेवून फीड ३,२०० वरून ८०० वर आणतो. त्याबरोबर ढलपीची जाडी चौथा हिस्सा, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर इतकीच उरते. इतक्या पातळ थरात धार नीट शिरत नाही. ती कापण्याऐवजी घासू लागते. एरवी चांगली जाड ढलपी कापण्यात निर्माण झालेली उष्णता आपल्याबरोबर घेऊन बाहेर पडत असते. आता भुकटीवजा भुसा निघतो आणि उष्णता बिटात व लाकडात साठत जाते. कड काळी पडते, धुराचा वास येतो, बिटाची धार जाते. भुसा ओढून घेणारे यंत्र जोडलेले असेल तर धुमसणारा एखादा कण नळीवाटे भुशाच्या पिशवीत जाऊन पडतो आणि तेथे बराच वेळ धुमसत राहू शकतो. कार्यशाळेला कुलूप लागल्यानंतर आग दिसावी, असा हा धोका आहे. म्हणजे ज्याने सावधगिरी म्हणून आकडा उतरविला त्याने नकळत निखारा पेरला, असे होऊ शकते. याच्या उलट बाजूस, दोन धारांच्या बिटाऐवजी एका धारेचे बिट लावून आकडे तसेच ठेवले तर ढलपी दुप्पट, म्हणजे ०.२० मिलिमीटर होते, आणि बिट बारीक असेल तर ते मोडून त्याचा तुकडा उडतो.

दुसरा आकडा व्यासाचा. बिटाची कड जेथे कापते तेथे रेषा यावी म्हणून संगणक बिटाचा मध्य रेषेपासून त्याच्या त्रिज्येइतका दूर ठेवून चालवितो. यासाठी त्याला व्यास खरा सांगावा लागतो. बाजारात ६ मिलिमीटरची बिटे मिळतात तशीच पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचीही मिळतात. दोन्ही शेजारी ठेवली तर सवय नसलेल्या डोळ्यास फरक दिसत नाही, आणि काही जातींचे कॉलेट दोन्ही मापे पकडते, त्यामुळे तेथेही चूक अडत नाही. आता समजा, संगणकास ६ सांगितले आणि बसविले पाव इंचाचे. स्टुलाच्या पायाची जीभ बाहेरून कापताना बिट दोन्ही बाजूंनी ०.१७५ मिलिमीटर अधिक खाईल, म्हणजे जीभ ०.३५ मिलिमीटर बारीक होईल. तिच्यासाठी पाडलेली खाच त्याच कारणाने ०.३५ मिलिमीटर रुंद होईल. एकूण ढिलाई ०.७० मिलिमीटर. कागदावर हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण त्या सांध्याचे स्टूल डुगडुगते, आणि ते दुरुस्त करण्यास सरस पुरत नाही. धार लावून आणलेल्या बिटाचेही असेच आहे. धार लावताना धातू जातो व व्यास घटतो. डबीवर ६ लिहिलेले असले तरी आतले बिट ५.८ चे झालेले असू शकते.

तिसरा आकडा उंचीचा. बिटाचे टोक शून्यावर आहे असे यंत्राने केव्हा समजावे, हे दर वेळी सांगावे लागते. कोणी शून्य लाकडाच्या वरच्या पृष्ठावर धरतो, कोणी मेजावर. कामाची फाइल वरचे पृष्ठ शून्य धरून केलेली आहे, तक्ता १८ मिलिमीटर जाड आहे आणि पहिला काप ६ मिलिमीटर खोल घ्यावयाचा आहे, असे समजा. आधीच्या माणसाने मेजावर ठेवलेले शून्य तसेच राहिले असेल, तर बिट पहिल्याच झेपेत १८ अधिक ६, असे २४ मिलिमीटर खाली जाऊ पाहील. तक्त्यातून आरपार जाऊन मेजात शिरेल. शून्य ठरविण्यासाठी पुष्कळ ठिकाणी धातूची एक चकती वापरतात. ती लाकडावर ठेवावयाची, बिट तिला टेकले की यंत्र चकतीची जाडी वजा करून पृष्ठ कोठे आहे ते जाणते. ही चकती हरवली आणि १२.७ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरची नवी आणली, पण यंत्रातला आकडा कोणी बदलला नाही, तर त्या दिवसापासून प्रत्येक काप २.७ मिलिमीटर अधिक खोल जाईल. चकती आणणाऱ्याने उपकारच केलेला असतो. तो एक ओळ लिहावयास विसरला, एवढेच.

इतके पाहिल्यावर असे वाटेल की, आकडे फार आणि माणसे फार, तेव्हा गोंधळ अटळ आहे. तसे मात्र नाही. सारा गोंधळ बहुतांशी एकाच कारणाने होतो. या आकड्यांच्या तीन निरनिराळ्या जाती आहेत आणि त्या एकाच टोपलीत टाकल्या जातात.

या भेदाची जाणीव संगीताच्या घरांतून फार पूर्वीपासून आहे. मिरजेच्या कारागिराने तयार केलेल्या तंबोऱ्याची जवारी एकदा नीट लागली की ती पुष्कळ दिवस टिकते; ती त्या वाद्याची असते आणि तिला हात लावण्याचे काम जाणत्याचे असते. तारांची जाडी कोणती ठेवावयाची, हे वाद्य व गाणाऱ्याचा आवाज या जोडीवर ठरते. पुरुषाच्या खर्जास व स्त्रीच्या उंच स्वरास एकच तारा चालत नाहीत. सूर मात्र दर बैठकीस नव्याने लावावा लागतो, आणि कालच्या बैठकीतला सूर आज तसाच असेल असे कोणी शहाणा गवई धरून चालत नाही. टिकणारे, जोडीचे आणि आजचे, असे हे तीन प्रकार झाले.

राउटरच्या आकड्यांचेही हेच तीन प्रकार पडतात. बिटाचा व्यास, धारांची संख्या, टोकाचा आकार व कापणाऱ्या भागाची लांबी हे पहिल्या जातीचे आकडे. ते बिटाबरोबर राहतात व झीज किंवा धार लावणे याखेरीज बदलत नाहीत. फेरे, फीड आणि एका वेळच्या कापाची खोली हे दुसऱ्या जातीचे. ते एकट्या बिटाचे नसून बिट व माल या जोडीचे आहेत. तेच बिट प्लायवुडमध्ये एका वेगाने चालते, सागवानात दुसऱ्या आणि ॲक्रिलिकमध्ये तिसऱ्याच. तिसऱ्या जातीत शून्याची जागा, आजच्या तक्त्याची खरी जाडी आणि तो मेजावर कोठे बसविला ते ठिकाण येते. हे आकडे काम संपताच मरतात. निदान मरावयास हवेत. कारण पुष्कळ यंत्रांच्या स्मरणात शून्याची जागा वीज बंद केल्यावरही राहते, आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्यास ती जिवंत वाटते. स्पिंडलऐवजी हातातले साधे राउटर बसविलेल्या लहान यंत्रांत आणखी एक खोड असते. तेथे फेऱ्यांची संख्या अंगावरील चाकतीने हाताने ठरवावी लागते, व चाकती कोठे आहे हे संगणकास कळतच नाही. फाइलमध्ये १६,००० लिहिलेले असो वा नसो, काल कोणी चाकती शेवटापर्यंत फिरविली असेल तर आजचे काम त्याच फेऱ्यांनी होते.

जाती मिसळल्या म्हणजे काय होते, याचे चित्र कल्पनेने सहज पाहता येईल. शनिवारी एका विद्यार्थ्याचा तक्ता नीट आवळला गेला नव्हता. तो थरथरू लागला म्हणून त्याने संगणकातील सामाईक हत्यारयादीत ६ मिलिमीटर बिटापुढील फीड ३,२०० चे ८०० केले आणि आपले काम निभावून नेले. सोमवारी आलेल्या बाईंनी तेच बिट निवडले; प्लायवुड जळू लागले. त्यांनी साहजिकच बिट बोथट समजून नवे लावले. तेही दोन तक्त्यांत काळे पडले. मंगळवारी एका जाणत्याने वैतागून फीड एकदम ५,००० केले व तसेच ठेवले, आणि बुधवारी एका नवख्या मुलाच्या हातून बिट मोडले. नियमाप्रमाणे मोडतोडीच्या वहीत नाव लागले ते त्या मुलाचे. चौघांनीही हेतुतः काही वाईट केले नव्हते. शनिवारी आजचा म्हणून योग्य असलेला आकडा कायमच्या जागी लिहिला गेला, तेथपासून पुढचे सारे ओघाने आले. असा मुलगा पुन्हा यंत्राजवळ येईल की नाही याची शंकाच आहे. आणि सामाईक कार्यशाळेचे खरे नुकसान हे आहे. मोडलेले बिट विकत मिळते.

उपाय नवा नाही. पेढीवरच्या कारकुनास तो पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. रोजचे व्यवहार रोजकीर्दीत लिहावयाचे, खात्यांचा हिशेब खतावणीत ठेवावयाचा आणि एकीतले दुसरीत विचारावाचून उतरवावयाचे नाही. राउटरच्या कार्यशाळेतही अशा दोन वह्या असाव्यात. खतावणी म्हणजे हत्यारयादी. तिची मूळ प्रत एकच असावी, ती एकाच्या ताब्यात असावी, आणि इतरांनी तिची नक्कल वापरावी. ज्याला बदल सुचेल त्याने चिठ्ठीवर लिहून द्यावा. खतावणी राखणाऱ्याने टाकाऊ तुकड्यावर काप घेऊन पाहावा आणि पटल्यास तारखेनिशी नोंद करावी. जुना आकडा पुसून टाकू नये. तो वाचता येईल असा खोडून शेजारी नवा लिहावा, म्हणजे काय होते व काय झाले हे दोन्ही दिसते. संगणकावरील यादीतही टिपणीच्या रकान्यात हे करता येते. प्रत्येक बिटास एक क्रमांक द्यावा, तोच डबीवर, तोच यादीत आणि तोच यंत्रास द्यावयाच्या आज्ञेत असावा. बिट मोडीत निघाले तर त्याचा क्रमांक दुसऱ्यास देऊ नये. नाही तर जुन्या फाइलीत दडलेला ‘सात’ उद्या निराळ्याच हत्यारास हाक मारील.

जुन्या फाइलींविषयी येथे एक खुलासा अवश्य आहे. यादीत दुरुस्ती केली म्हणजे सर्व कामे दुरुस्त झाली, असा समज असतो. यंत्रासाठी एकदा तयार झालेल्या आज्ञाफाइलीत त्या दिवशीचे आकडे गोठलेले असतात. यादी पुढे कितीही सुधारली तरी त्या फाइलीस त्याची वार्ता नसते. यास्तव प्रत्येक फाइलीच्या आरंभी बिटाचा क्रमांक, माल, त्याची जाडी, शून्य वर की मेजावर, आणि तारीख हे पाच तपशील टिपणी म्हणून लिहावेत. यंत्र ती ओळ वाचूनही दुर्लक्ष करते. ती माणसासाठी असते.

रोजकीर्द मेजाजवळ टांगलेली असावी. काम सुरू करणाऱ्याने त्यात बिटाचा क्रमांक, माल आणि चाकतीची खूण लिहावी. तक्त्याची जाडी व्हर्नियरने मोजून लिहावी, कारण दुकानात अठरा म्हणून मिळालेले प्लायवुड नेमके अठरा भरतेच असे नाही. काम संपल्यावर बिट काढून डबीत ठेवावे, शून्य पुसावे, चाकती ठरलेल्या खुणेवर आणावी आणि ‘पुसले’ असे लिहून सही करावी. पुढे येणाऱ्याने मात्र ती सही वाचूनही शून्य स्वतः लावावे व बिट स्वतः पाहावे. जाणाऱ्याने नीट ठेवून जावे आणि येणाऱ्याने तपासून घ्यावे, अशी दुहेरी शिस्त असली म्हणजे एकाची विस्मृती दुसऱ्याच्या दक्षतेत बुडून जाते.

बिट मोजण्याची एक व्यवहारी रीतही सांगितली पाहिजे. व्यास मोजण्यास बिटावर व्हर्नियर लावणे नेहमीच जमत नाही. एका धारेच्या बिटावर तर ते निरर्थकच होते. त्यापेक्षा टाकाऊ तुकड्यात एकच सरळ खाच पाडून तिची रुंदी मोजावी. बिट कॉलेटमध्ये किंचित वाकडे फिरत असेल तर त्याचाही हिशेब त्या खाचेत आलेला असतो. जी खाच लाकडात पडते तोच त्या यंत्रावर त्या बिटाचा खरा व्यास म्हणून समजावा.

यावर अनुभवी कारागीर एक आक्षेप घेतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो म्हणतो, आकड्यांची ही पोथी कशाला? कापाचा आवाज ऐकला की कळते, ढलपी बोटांत चुरडली की कळते. हे अगदी खरे आहे. बिट नीट कापीत असता जो अखंड स्वर येतो आणि घासत असता जी किंकाळी येते, त्यांतला भेद वहीत लिहून येत नाही. म्हणूनच वहीतील आकडा आरंभाचा आहे, अखेरचा नव्हे, असेच मानावे. काम चालू असता वेग कमीजास्त करण्याची कळ यंत्रावर असते. जाणत्याने ती अवश्य वापरावी. परंतु त्याच्या कानाने जे ओळखले ते त्याच्याबरोबरच घरी जाते. त्याने बदललेला वेग चिठ्ठीवर उतरवला, तर पुढच्या महिन्यात ज्याला तो आवाज ओळखता येत नाही त्यालाही त्याचा लाभ होतो. कारागिराचा हात दुसऱ्यास देता येत नाही. हाताने मिळविलेला आकडा देता येतो.

यंत्रविद्येचा इतिहास पाहिला तर हे देणे-घेणे हाच तिचा पाया दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये स्क्रूचे आटे निरनिराळ्या कारखान्यांत निरनिराळे असत आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली अनेक कारखान्यांतील बोल्ट जमवून, त्यांच्या मापांचा मध्य काढून सर्वांनी वापरावयाचे आटे सुचविले. त्यात कोणाचाच आटा जसाच्या तसा जिंकला नाही. प्रत्येकाने आपल्या सवयीचा थोडा भाग सोडला, आणि त्या मोबदल्यात परक्याच्या कारखान्यातला नट आपल्या बोल्टास बसू लागला. सामाईक राउटरची हत्यारयादी हा त्याच व्यवहाराचा एक लहानसा अवतार आहे. एखाद्याचे लाडके फीड यादीत राहणार नाही. पण त्याने न पाहिलेल्या माणसाचे स्टूल डुगडुगणार नाही.

तात्पर्य, ज्या कार्यशाळेत कायमचा आकडा, जोडीचा आकडा आणि आजचा आकडा आपापल्या जागी आहेत तेथे जुने यंत्रही बरीच वर्षे सुखाने चालते. जेथे ते मिसळले तेथे नवेकोरे यंत्रही दर आठवड्यास ‘बिघडते’. घरातल्या शिवणयंत्रासही हाच नियम लागू आहे. त्याच्या खणात एक लहानशी वही व पेन्सिल ठेवावी. जाड कापडास कोणती सुई, मलमलीस कोणती, ताण किती, टाका किती, एवढे तीत लिहिलेले असावे. आणि उठताना ताण मूळच्या खुणेवर आणून ठेवावा. दुसऱ्या दिवशी झबले शिवावयास बसणाऱ्या मुलीला ते कोणी केले हे कळणारही नाही. तिची शिवण सरळ जाईल.